खाडीचे पाहुणे

आमच्या घरमालकांच्या मागच्या खोलीत जायचं तर अंगावरचं सोनंनाणं दाराशी काढून ठेवावं लागे. त्यासाठी दाराबाहेर खिळ्याला साबणाची एक प्लॅस्टिकची डबी टांगलेली होती. अंगठी, बांगड्या, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, सगळं त्या डबीत जायचं. एकदा मालकीणकाकूंचे अकोल्याचे भाऊ आपल्या नव्या जावयाला घेऊन आले. मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, मोठ्या प्रेमानं त्याचा हात धरला, त्याला मागच्या खोलीपाशी नेलं आणि म्हणाले, “जावईबापू, अंगठी काढा.” साखरपुड्याची अंगठी परत घेतात की काय, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. तो सासऱ्यांकडे बघू लागला. सासरे स्वतःचं घड्याळ उतरवत होते. मग त्यानंही गुमान अंगठी काढली.

एवढं सगळं उतरवून आत गेल्यावर दिसायच्या काय, तर काचेच्या दोन टाक्या. त्यांत मचूळ खारं पाणी आणि पाण्यात टुणटुण उड्या मारणारे ठिपके. जावई बराच वेळ वाकून बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, “मासे कुठी हायेत?”

“मासे नाहीत,” सर म्हणाले. “मासे ज्याईले खातात ते हायेत. कोकणच्या खाडीतले पाहुणे.”

सर म्हणजे आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मी तिवशाहून एम.एस्सी.साठी अमरावतीला आले तेव्हा त्यांच्याच घरी वरची खोली भाड्यानं मिळाली. त्यामुळे वर्गात ते माझे सर आणि घरी मालक अशी दुहेरी हुकूमत माझ्यावर होती. गावभर त्यांना खाडीवाले सर म्हणत. नदी जिथे समुद्राला मिळते, गोडं आणि खारं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं, त्या खाडीत तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, हा त्यांचा विषय. कारखान्यांतून, गटारांतून येणारं शिसं, कॅडमियम, पारा असले विषारी धातू त्या जीवांच्या अंगात कसे शिरतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे त्यांना शोधायचं होतं. विषय चांगलाच होता. अडचण एवढीच, की सर राहत होते अमरावतीत. इथून समुद्र गाठायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते आणि वर आणखी एस.टी.चे धक्के खावे लागतात.

त्यांना स्वतःला यात काहीच अडचण वाटत नसे. कोणी म्हटलं, “सर, आपल्याकडे कुठला आला समुद्र?” की ते त्याला खारपाणपट्ट्यात घेऊन जायचे. म्हणजे तोंडानंच. “अकोल्याच्या रस्त्यानं जा. कोण्याही गावात विहिरीचं पाणी पिऊन पाह्य. तोंड वाकडं होते का नाही? समुद्र निंघून गेला, मीठ विसरून गेला इथं. थो वापस येईन तवा आपलं काम तयार पायजे.” आमच्या भूगोलाच्या सरांना हे अजिबात मान्य नव्हतं. दोघांची या विषयावर स्टाफरूममध्ये इतकी वर्षं भांडणं चालली होती, की नवीन आलेल्या प्राध्यापकांना त्यांच्यात शेतीचा वाद असावा असं वाटे.

दर सुट्टीत सर कोकणात जायचे आणि थर्माकोलच्या डब्यात खाडीचं पाणी घेऊन परतायचे. डबा मांडीवर. एकदा कंडक्टरनं विचारलं, “डब्यात काय हाये, काका?” सर म्हणाले, “पाहुणे हायेत.” “किती?” “असतीन हजार दोन हजार.” कंडक्टर पुढे सरकला, पण अमरावती येईपर्यंत दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होता, असं सरच हसत हसत सांगायचे.

चिखलदऱ्याच्या सहलीला ते आमच्यासोबत आले होते. सगळे जण कड्यावर उभे राहून दरी बघत होते, फोटो काढत होते. सर दरीकडे पाठ करून एका डबक्याशी उकिडवे बसलेले. त्या सहलीच्या एकूण एक फोटोत सरांचा चेहरा कुठेच नाही, सगळीकडे पाठ आहे. मासळीबाजारातही त्यांची तीच तऱ्हा. घरी कोणी मासे खात नव्हतं, पण त्यांना तिथे गेल्याशिवाय चैन पडत नसे. “हा बांगडा कोणत्या खाडीकडचा?” ते विचारायचे. मासेवाला म्हणायचा, “बरफातला.” मग सर त्याला पारा समजावून सांगायचे. प्लवकाच्या अंगातला पारा त्याला खाणाऱ्या पिल्लात जातो, पिल्लाचा मोठ्या माशात, आणि दर पायरीला वाढत जातो, तेव्हा सगळ्यात मोठा मासा सगळ्यात वाईट. हे ते सगळ्यात मोठ्या माशासमोर, गिऱ्हाईक उभं असताना सांगायचे. मासेवाल्यानं त्यांना कधी हाकललं नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण त्यांचा खरा जीव त्यापेक्षा बारीक गोष्टीत होता. ती त्यांनी मला संत्र्यावरून शिकवली. तेव्हा मृग बहाराची संत्री आली होती. सरांनी एक संत्रं हातात घेतलं आणि म्हणाले, “समज, हा पाण्यातला हिरवा शैवाळकण. कॅडमियम याच्या सालीवर चिकटलं का रसात उतरलं, हे आधी पाहाचं. खाणारा जीव याले गिळते. सालीवरचं बरंचसं त्याच्या विष्ठेतून खाली जाते, गाळात बसते. रसातलं त्याच्या आंगात मुरते. मंग त्याले जो खाईन त्याच्या आंगात. समजलं?” मला समजलं. इतकं चांगलं समजलं, की आज मी शाळेत शिकवते तेव्हा माझ्याही हातात संत्रंच असतं. सर मात्र सोललेलं संत्रं टेबलावर विसरून गेले. ते मी खाल्लं.

एवढं सगळं असूनही सरांच्या नावावर स्वतःचं असं काही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. स्वतःचे प्रयोग दर वेळी कुठेतरी फसायचे. कधी मे महिन्यातल्या उन्हानं पाहुणे उकडून मरायचे, कधी वीज जायची आणि हवा सोडणारा पंप बंद पडायचा. आता निवृत्तीचं वर्ष आलं होतं. कॉलेजातली त्यांची खोली संगणकवाल्यांना द्यायचं ठरलं होतं, म्हणून टाक्या घरी आणल्या होत्या. अकोल्याच्या एका कॉलेजात परिसंवाद होणार होता आणि त्यात सरांना बोलायला वेळ मिळाला होता. एकदा मला जिन्यात थांबवून ते म्हणाले, “पोरी, एक गोष्ट पायजे. लहान असू दे, पण खरी आन् माही. ते सांगून घरी बसतो मंग.” नेहमी चेष्टेत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून हे आलं.

घरात कूलर एकच होता. तो मागच्या खोलीत, टाक्यांसमोर. उन्हाळाभर सर आणि काकू पुढच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि आत कोकणचे पाहुणे गारव्यात उड्या मारायचे. काकूंची यावर तक्रार एवढीच असे, “माह्या माहेरचे आले तं त्याईले कधी कूलर लावला नाही यायनं.” पण काकूंचाही त्या ठिपक्यांवर जीव बसला होता. सकाळी दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून डबीत ठेवायच्या, आत जायच्या आणि “उठले काय रे?” म्हणायच्या, हे मी जिन्यावरून ऐकलेलं आहे.

दोन टाक्यांपैकी एकीवर लाल झाकण होतं. तिच्यातल्या जीवांना कॅडमियम मुरलेलं शैवाळ खायला घालत असत. ते प्रमाण अगदी थोडं, पण विष ते विषच. त्यामुळे लाल झाकणाला सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. दुसरी टाकी कोरी. तिच्यात धातूचा कणसुद्धा जाऊ द्यायचा नव्हता, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. साबणाची डबी होती ती या कोऱ्या टाकीपायी.

परिसंवादाच्या थोडं आधी सरांना पेपर तपासायला अकोल्याला जावं लागलं. जाताना त्यांनी काकूंना सगळं समजावलं. कूलरच्या वाऱ्यानं पाणी उडतं, म्हणून कोऱ्या टाकीत खुणेपर्यंत कॅनमधलं शुद्ध पाणी घालायचं. लाल टाकीचं ते स्वतः आल्यावर बघणार होते. नळाचं पाणी चुकूनही घालायचं नाही, त्यात क्लोरीन असतं. “पाहुण्यांकडे लक्ष ठेवजो,” असं तीनतीनदा सांगून ते गेले.

परत आले आणि थेट मागच्या खोलीत शिरले. कोऱ्या टाकीतले जवळजवळ सगळे पाहुणे तळाशी पडलेले. लाल टाकीतले मजेत उड्या मारत होते.

त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते मला जिन्यात भेटले ते वेगळेच. डोळे चमकत होते. “पोरी, उलटं झालं! ज्याईले विष देल्लं ते जगले, ज्याईले नाही देल्लं ते मेले. गर्मी दोघांले सारखी. म्हणजे काय? थोडा धातू आंगात मुरला का हे चिवट होतात!” मी म्हटलं, “सर, दुसरं काही कारण असेल.” ते म्हणाले, “सगळं तपासलं. कोऱ्या टाकीत कॅडमियम नाही, तापमान तेच, मीठ तेच, हवा तीच.” आणि त्यांनी अकोल्याला फोन करून आपल्या भाषणाचं नाव बदलून घेतलं. नवं नाव होतं, ‘अल्प धातूमुळे प्लवकांत येणारी चिवटता’. आयोजकांनी म्हणे दोनदा ऐकून घेतलं. पुढचे काही दिवस सर घरात गुणगुणत फिरत होते. त्यांना गाता येतं, हे तोवर घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

आपल्या राखणीत जीव गेले, हे काकूंच्या मनाला मात्र लागलं होतं. सरांच्या आनंदात त्यांना काही बोलवेना.

परिसंवादाच्या दिवशी आम्ही तिघं निघायच्या तयारीत होतो. काकू माहेरी जाऊन येणार होत्या आणि मी सरांचं भाषण ऐकायला. सर चहा पिता पिता म्हणाले, “ते मेले नसते तं आज हे सांगाले मिळालं नसतं.” तेव्हा काकूंना राहवलं नाही. डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, “तुमी काही म्हणा, मले वाईटच वाटते. म्या त्याईले काही कमी केलं नाही. कॅन संपली तं नळाचं पाणी रातभर ठेवलं, तुमीच म्हणता क्लोरीन उडून जाते म्हून. तेही साध्या बाल्टीत नाही ठेवलं. पाहुणे हायेत म्हून तांब्याच्या घागरीतलं देल्लं, आपण पेतो तेच.”

सरांनी कप खाली ठेवला.

आमच्याकडे पाहुणा आला की तांब्याच्या घागरीतलं पाणी तांब्याच्या गडव्यात भरून समोर ठेवतात. ते चांगलं पाणी, घरातलं सगळ्यात चांगलं. सरांनी गावभर सगळ्यांच्या अंगठ्या उतरवल्या, घड्याळं उतरवली आणि स्वयंपाकघरातली ती घागर रोज तिथलंच पाणी पिऊनही त्यांना कधी दिसली नाही. त्यांनी टाकीत कॅडमियम शोधलं होतं. तांबं शोधायचं कोणाच्या डोक्यात येणार? तांबं माणसाला चालतं, पण त्या ठिपक्यांना थोडंही सोसत नाही, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चिवटपणा वगैरे काही नव्हता. लाल टाकीला हात लावायची काकूंना बंदी होती, म्हणून ते पाहुणे वाचले.

आम्ही एस.टी.त बसून अकोल्याला निघालो. एरवी या रस्त्यानं जाताना सर खिडकीतून खारपाणपट्टा दाखवत शेजाऱ्याला जेरीला आणायचे. त्या दिवशी खिडकीशी मी बसले होते आणि ते हातातल्या कागदांकडे बघत होते. काकूंना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना समजलं होतं. त्याही माहेरी उतरायचं सोडून आमच्यासोबत कॉलेजपर्यंत आल्या. मी हळूच म्हटलं, “सर, तब्येत बरी नाही म्हणून सांगू का? नाही तर जुनं काहीतरी बोला.” ते म्हणाले, “जुनं माहं नाही, आन् नवं खरं नाही.” मला त्यांचा चेहरा बघवेना. एवढ्या वर्षांचा माणूस आज लोकांसमोर हसं करून घेणार, असं मला वाटत होतं.

हॉलमध्ये मोजकीच माणसं होती. जेवणानंतरची वेळ, अर्धे पेंगत होते. सरांचं नाव पुकारलं आणि अध्यक्षांनी भाषणाचं ते लांबलचक शीर्षक वाचलं. सर उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, “हे नाव खोडा. असं काही नसते.”

पेंगणारे जागे झाले. सरांनी मग सगळं सांगितलं, साबणाच्या डबीपासून. जावयाची अंगठी सांगितली तेव्हा हॉल खो खो हसला. दोन्ही टाक्या सांगितल्या, मेलेले जीव सांगितले, आपण किती खूश झालो होतो तेही सांगितलं. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे. इथे मात्र घरचं वऱ्हाडी सुरू झालं होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. शेवटी म्हणाले, “कोऱ्या टाकीत तांब्याच्या घागरीतलं पाणी पडलं. ते पाणी म्या टाकलं. चूक माही.”

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू उभ्या होत्या.

“काहून खोटं बोलून राह्यले?” त्या म्हणाल्या. “पाणी म्या टाकलं.”

अध्यक्ष सरांकडे बघू लागले, सर काकूंकडे. काकूंना आता बसायचं नव्हतं. “आन् मले एक सांगा,” त्या म्हणाल्या, “तेच पाणी तुमी रोज पेता. लग्न झालं तवापासून पेऊन राह्यले. तुमाले काही होत नाही, मंग त्याईलेच काहून झालं?”

कोणीतरी हसलं. पण सरांच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. ते मंचावरून खाली उतरले, मधल्या वाटेनं चालत काकूंच्या खुर्चीपाशी आले आणि माइक हातात तसाच धरून तिथेच सांगू लागले. अध्यक्षांनी घंटा वाजवली, ती त्यांना ऐकूच गेली नाही. “तू ते पाणी गडवाभर पेते. जास्तीचं तांबं तुह्यं लिव्हर गाळते, बाहेर टाकते. थो जीव पाणी पेत नाही, थो त्या पाण्यात राह्यते. दिवसरात्र. त्याच्या आंगाले चारी बाजूनं तेच लागते. आन् त्याचं खाणं, थे हिरवं शैवाळ, तेही त्याच पाण्यात भिजलेलं. त्यानंही तांबं पेऊन ठेवलेलं. म्हणजे त्याले पाण्यातून मिळते आन् जेवणातूनही मिळते. एवढ्याशा जिवाले ते बाहेर टाकणं जमत नाही. लाल टाकीत कॅडमियम होतं, पण ते म्या मोजून देल्लं होतं, सोसन तेवढंच.”

काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. इतकं नीट त्यांचं बोलणं ऐकणारं माणूस मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं, आमच्या वर्गात तर नाहीच.

“म्हणजे म्याच मारलं त्याईले,” काकू म्हणाल्या.

“नाही वो,” सर म्हणाले. एरवी काकूंना ‘तू’ म्हणणाऱ्या सरांनी असं आदरानं ‘वो’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माइकवर. “तुमी त्याईले पाहुणे समजून घरातलं चांगलं पाणी देल्लं. मारलं म्या. पाहुणे म्हून घरात आणलं आन् त्याईले काय चालत नाही, ते घरच्या माणसाले सांगितलं नाही. मासेवाल्याले सांगितलं, कंडक्टरले सांगितलं, या पोरीले संत्रं सोलून सांगितलं. तुमाले तेवढं सांगाचं राह्यलं.”

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. मी उगाच पर्समध्ये रुमाल शोधू लागले. अध्यक्षांनी घसा साफ केला. वेळ संपली आहे, कोणाला आणखी काही विचारायचं आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. कोणाला नव्हतं. सर वळले आणि माइक परत द्यायला निघाले.

काकू अजून उभ्याच होत्या.

“नवे आणाले जासान तवा मले घेऊन चला,” त्या मागून म्हणाल्या. “लग्नापासून ऐकून राह्यली, म्या अजून खाडी पाह्यली नाही.”

हॉल पुन्हा हसला. सर हसले नाहीत. मधल्या वाटेत ते थांबले, हातातल्या माइककडे पाहिलं, तो शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, “उद्या निंघाचं?”